सही केली तेव्हा कागदावर ऊन होते

आमच्या स्वयंपाकघरात सकाळचे ऊन एकदम येत नाही. आधी ते समोरच्या घरावरील पाण्याच्या टाकीवर थोडा वेळ थांबते, आत यावे की नाही याचा विचार करीत असल्यासारखे. मग टाकीच्या काळ्या खांद्यावरून घसरून आमच्या खिडकीच्या जाळीला टेकते आणि तिथून चौकोनी तुकड्यांनी फरशीवर उतरते. पहिला तुकडा पडतो तो सिलिंडरच्या पायाशी. तिथे त्याचे काहीही काम नसते, तरी पाच मिनिटे तो तिथेच रेंगाळतो. नंतर ओट्याची कड, ओल्या पेल्यांची रांग, कुकरची शिट्टी असे एकेकाला ओळखत ऊन वर चढते, आणि पोह्यांच्या वाफेत शिरले की त्याचा रंग बदलतो. सोयाबीन काढणीचे दिवस असले, की वावरांतली बारीक धूळ अमरावतीत साईनगरपर्यंत येते. तिचे कण उन्हाच्या पट्ट्यात इतके सावकाश फिरतात, की पाहणाऱ्याने श्वासही जपून घ्यावा.

गेल्या ऑक्टोबरच्या सात तारखेची सकाळ अशीच होती. माझी पत्नी दामिनी समोर बसून सांबार निवडत होती. (कोथिंबिरीला आम्ही वऱ्हाडी लोक सांबार म्हणतो, इडली मनात आणू नये.) ती काही बोलत होती. तिच्या आवाजाला त्या उन्हात निराळीच ऊब आली होती. मी "हं" म्हणालो. ऊन टेबलावर आले. तिने एक कागद माझ्यापुढे सरकवला आणि पेन दिले. मी पुन्हा "हं" म्हणालो आणि सही केली. पेनाच्या टोकाची निळसर सावली माझ्या नावाच्या पुढे पुढे धावत होती. ती सावली अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे!

वाचकहो, हे इतके बारकाईने सांगण्याचे कारण एकच. माझ्या नजरेतून काहीही सुटत नाही! मी अबोल आहे, हे मान्य. चारचौघांत बुजतो, हेही मान्य. लग्नात उखाणा घ्यायला सांगितला तेव्हा मला ताप भरला होता आणि पुढचा अर्धा तास मी पाणी पीत बसलो होतो. परंतु निरीक्षणाच्या बाबतीत अमरावती जिल्ह्यात माझा हात धरणारा कोणी नसावा, असे माझे नम्र मत होते. व्यवसायही त्याला साजेसा. मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावक लिपिक आहे. आलेल्या प्रत्येक कागदावर 'मिळाले' असा गोल शिक्का मारायचा, तारीख टाकायची, वहीत क्रमांक लिहायचा आणि कागद पुढच्या टेबलावर पाठवायचा. कागदात काय लिहिले आहे हे पाहणे माझ्या कामात बसत नाही. सहा वर्षांत माझा एकही शिक्का वाकडा पडलेला नाही!

तर अशा या माझ्या तीक्ष्ण नजरेला मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक हिरवी फाइल दिसली.

मी कपाटात गॅसची पावती शोधत होतो. फाइलमध्ये आमच्या लग्नाची पत्रिका होती. विवाह नोंदणीच्या दाखल्याच्या तीन झेरॉक्स होत्या. दामिनीचे दोन पासपोर्ट फोटो होते, आणि त्यांत ती हसत नव्हती. त्यांखाली तिच्या सुबक अक्षरातली काही पाने. 'परित्याग : सलग दोन वर्षे.' 'मानसिक क्रूरता : पती सतत दुर्लक्ष करीत असल्यास?' त्या प्रश्नचिन्हाखाली दोन रेघा ओढलेल्या होत्या. आणि वर टाचणीने लावलेले एक कार्ड : 'ॲड. अब्दुल सत्तार, कौटुंबिक वाद, अकोला.'

आमच्या लग्नाला दोन वर्षे होत आली होती. सलग!

मी फाइल जशीच्या तशी ठेवली, गॅसची पावती न घेताच बाहेर आलो आणि त्या क्षणापासून माझ्यातला कवी निवृत्त होऊन माझ्यातला हवालदार कामावर रुजू झाला. दामिनी पोळ्या लाटत असली तर मी तिच्या पाठीकडे संशयाने पाहू लागलो. ती फोन घेऊन गॅलरीत गेली की मी दारामागे कुंडीसारखा उभा राहू लागलो. तिसऱ्याच दिवशी त्या कुंडीला फळ आले.

"नाही सर, नवऱ्याचं काही खरं नाही," ती फोनवर सांगत होती. "तो बोलतच नाही नं! त्याले काही विचारा, मुका बसते... होय सर. एप्रिलच्या पहिले निपटवून टाकू."

निपटवून! मला! जणू मी मार्चअखेरची थकीत फाइल होतो.

दामिनी आत आली तेव्हा मी दारामागेच होतो. तिथे माझे काय काम, हे मलाही सांगता आले नसते.

"काय करून राहिले इथं?"

"काही नाही."

"तीन दिवस झाले पाहून राहिली मी. बाथरूममधून निघाली तं तुमी उभे. भाजी आणाले गेली तं तुमी मागं. पहिले दोन वर्षं कधी मान वर करून पाहलं नाही. तब्येत बरी आहे नं तुमची?"

"हं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले. आता तिच्याही डोळ्यांत संशय होता. घरात दोन माणसे आणि दोघेही पहाऱ्यावर! त्या रात्रीची भाजी आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहत पाहत खाल्ली. कशाची होती हे मला आजही आठवत नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर धम्मदीप बसतो. त्याच्या मावसभावाचा घटस्फोट झाला, तेव्हापासून तो स्वतःला अर्धा वकील समजतो. उरलेला अर्धा भाग आवाजाने भरून काढतो.

"काहून बे नितेश, तोंड काहून उतरलं तुहं?"

"एका मित्राची गोष्ट आहे," मी हळूच म्हणालो.

"त्या मित्राच्या बायकोचं नाव दामिनी तं नाही नं?"

मी शरण गेलो आणि सगळे सांगितले. धम्मदीपने डोळे मिटून ऐकले. मग एखाद्या डॉक्टरने जीभ दाखवायला सांगावे तसे विचारले, "कुठी सही-गिही केली काय तू?"

पेनाच्या टोकाची ती निळसर सावली!

"केली. सात ऑक्टोबरला. सकाळी."

"काय होतं कागदावर?"

"ऊन."

"काय?"

"कागदावर ऊन होतं, धम्मदीप. खिडकीच्या जाळीचे चौकोन पडले होते. तिसऱ्या चौकोनात मी सही केली."

"गेला!" धम्मदीपने टेबलावर असा हात आपटला की माझा शिक्का पॅडवरून उडून त्याच्या डब्यात पडला. "अबे, राजीखुशीचा अर्ज तो! दोघायच्या सह्या लागतात त्याच्यावर. मंग कोर्ट म्हणते, सहा महिने विचार करा. माह्या मावसभावाले तेच म्हटलं. ऑक्टोबरची सात..." तो बोटांवर मोजू लागला. "नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च... सात एप्रिलले तू मोकळा!"

"पण मला मोकळं व्हायचं नाही!"

हे वाक्य मी ओरडून म्हणालो. संपूर्ण विभाग वळून पाहू लागला. सहा वर्षांत त्या इमारतीत माझा आवाज इतका कधी चढला नव्हता. मला माझ्याच वाक्याचे नवल वाटले. दामिनी घरात नाही, अशी एक सकाळ मी मनात उभी करून पाहिली होती. त्या सकाळीही टाकीवर ऊन थांबले होते. पण आत यायला ते तयार होईना.

"पण मला कोर्टात कोणी बोलावलंच नाही," मी शेवटचा वाद घातला.

"आजकाल सगळं ऑनलाइन हाय बे!" धम्मदीपने तो निकालात काढला. मग त्याचा आवाज जरा मऊ झाला. "तू तिले सरळ विचारत काहून नाही?"

त्या दिवशी त्याने दिलेला हा एकमेव शहाणपणाचा सल्ला. म्हणून तेवढा मी बाजूला ठेवला.

"विचारायचं? म्हणजे... तिच्याशी बोलायचं?"

धम्मदीपने कपाळाला हात लावला. "मंग दुसरा रस्ता ऐक. ज्या वकिलानं एका पार्टीची गोष्ट ऐकली, त्याले त्याच केसमंदी दुसऱ्या पार्टीचं वकीलपत्र घेता येत नाही. तू जाय त्या सत्ताराकडे आणि तूच त्याले पकड! तिचा वकीलच फोडून टाक. आणि जाताना पाचशेचा बाँड घेऊन जाय. वकिलायले रिकाम्या हाताचा माणूस आवडत नाही."

योजना निर्दोष होती. निदान तिच्यात दामिनीशी बोलावे लागत नव्हते!

मार्चचा तिसरा शनिवार उजाडला. दर शनिवारी दामिनी पहाटे बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला जाते. अकोला तिचे माहेर. तिथे ती आईकडे, म्हणजे माणिकबाईंकडे जाते, हे मी धरून चाललो होतो. ती गेल्यावर तासाभराने मी एसटीने निघालो. वेषांतराचा प्रश्नच नव्हता. मार्च लागला की आमच्याकडे निम्मे लोक डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळूनच हिंडतात. मीही फक्त डोळे उघडे ठेवले. मूर्तिजापूरच्या स्टँडवर दोन अनोळखी माणसांनी मला आपला भाचा समजून हाक मारली, यावरून वेष किती चपखल होता ते कळावे.

अकोल्याच्या कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली देवीदास नावाचे मुद्रांक विक्रेते टेबल टाकून बसले होते. माझ्यामागे लगेच सात-आठ जणांची रांग लागली.

"तोंड उघडा दादा. आधार कार्डाशी जुळलं पाहिजे."

मी दुपट्टा नाकाखाली घेतला. त्यांनी जाड वही उघडली. "नितेश इंगोले. अमरावती. बरं. लिहून कोणाले देता? दुसऱ्या पार्टीचं नाव?"

मुद्रांक घेताना दुसऱ्या पक्षाचे नाव आणि कारण सांगावे लागते, हे धम्मदीपने सांगितले नव्हते!

"दामिनी नितेश इंगोले," मी पुटपुटलो.

"कारण?"

माझे कान तापले. मागे आठ माणसे! त्यांत एक बाई कडेवर बाळ घेऊन होती, आणि ते बाळही माझ्याकडेच पाहत होते. 'घटस्फोट' हा शब्द माझ्या घशापर्यंत आला, तिथे घाबरला आणि परत गेला. त्याच्या जागी जो पहिला शब्द बाहेर पडला तो असा :

"भाडेकरार."

देवीदासांनी पेन खाली ठेवले. "बायकोसंगं भाडेकरार?"

"घर कोणाचं हाय?" रांगेतून एक म्हातारा चौकशी करता झाला.

"बायकोचं असंन."

"मंग हा घरजावई हाय?"

"घरजावयाले भाडं पडत नाही बाप्पा, हा भाडेकरू हाय!"

"किती महिन्यांचा करून राहिले, दादा? अकरा?" कडेवरच्या बाळाची आई मनापासून विचारत होती. "अकरा महिने झाले का पुन्हा नवा करा लागते, हे ध्यानात ठेवजा."

"नाही पटलं तं ती एक महिन्याची नोटीस देऊन बाहेर काढंन!" म्हाताऱ्याने कलम जोडले आणि अख्खी रांग खदखदली. मी दुपट्टा पुन्हा वर ओढला. जमीन दुभंगण्याची वाट पाहिली. पण अकोल्याची जमीन मार्चमध्ये दगडासारखी असते.

तेवढ्यात देवीदास वहीवर वाकून एकदम थबकले. "थांबा थांबा. दामिनी इंगोले? सत्तार साहेबांकडच्या? शनिवारी येतात त्या?"

माझे हसे होण्याचे दुःख एका क्षणात नाहीसे झाले. "तुम्ही ओळखता तिला?"

"वळखत नाही तं काय! दर शनिवारी हजर! घटस्फोटाचे कागद घेऊन येतात, कोर्ट फीची तिकिटं लावून नेतात. मागच्याच शनिवारी म्हणे, देवीदासभाऊ, एक जुनं मॅटर हाय, नवरा मुका बसते, एप्रिलच्या पहिले सुटलं म्हंजे बरं." ते कौतुकाने हसले. "लय हुशार बाई! समोरचा माणूस वाचत नाही पाहा!"

मी पाचशेचा बाँड उचलला. त्यावर कारणाच्या जागी 'भाडेकरार' असे स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते. माणिकबाईंकडे नव्हे, तर दर शनिवारी माझी पत्नी इथे येत होती! प्रत्येक शनिवारी मी घरी दुपारची झोप काढीत होतो, आणि इथे या कडुनिंबाखाली माझ्यावर तिकिटे लागत होती!

सत्तार साहेबांचे कार्यालय रस्ता ओलांडून, पहिल्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत दामिनी कुठे दिसत नव्हती. जाड भिंगांचा चष्मा, पांढरी दाढी, आणि टेबलावर फायलींच्या इतक्या चळती की ते स्वतः एखाद्या बुरुजाआडून पाहत असल्यासारखे दिसत होते.

"या मियाँ, बसा. तोंड तं खोला, ही काही ब्यांक नाही."

मी दुपट्टा सोडला आणि बाँड पुढे केला. त्यांची नजर कारणाच्या ओळीवरच अडकली. "भाडेकरार? मी कौटुंबिक वाद पाहतो."

"वाद कौटुंबिकच आहे. सर, मी तुम्हाला आधी माझी गोष्ट सांगतो. तुम्ही ती ऐकली, असं लिहून द्या."

"पहिले गोष्ट तं सांगा. तसल्लीनं."

आणि काय सांगू वाचकहो, मी बोललो! अनोळखी माणसासमोर, बंद खोलीत, आयुष्यात पहिल्यांदा मला कंठ फुटला. ती गेल्यावर कपातल्या चहावर साय कशी धरते, तिच्या बांगड्यांचा आवाज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत कसा जातो आणि मागे काय ठेवून जातो, हे सगळे मी सांगितले. वीस मिनिटे बोललो.

"सुभानअल्ला," सत्तार साहेब म्हणाले. "पण साय कोणत्याच कलमात बसत नाही. हे पाहा, घटस्फोटाचे रस्ते दोन. एक राजीखुशीचा. दोघं मिळून अर्ज करतात, त्याच्या पहिले एक वर्ष अलग राहेल पाहिजे, अन् मंग कोर्ट सहा महिने देते, का बाबाहो, पुन्हा विचार करा. दुसरा रस्ता भांडणाचा. त्याले कारण सिद्ध करा लागते. छळ, सोडून जाणं, बाहेर संबंध. तिथंही जज पहिले समुपदेशकापाशी बसवते, का दोघं बोला. तुम्ही अलग राहता?"

"नाही. एकाच घरात."

"मंग राजीखुशीचा अर्ज लागलाच नाही! सही केली म्हणता तो कागद दुसराच कोणता असंन. बायकोनं छळ केला?"

"नाही."

"सोडून गेली?"

"दर शनिवारी. रात्री परत येते."

"तिनं सांगतलं तुम्हाले, का मले घटस्फोट पाहिजे?"

"सांगितलं नाही. पण माझं निरीक्षण आहे."

सत्तार साहेबांनी चष्मा काढून पुसला. "लग्न कुठं झालं? अकोल्यात? म्हंजे केस इथं चालू शकते. ठीक. माह्याकडे कायद्याची एक विद्यार्थिनी येते शिकाले. ते माहिती लिहून घेईन, मंग पाहू." आणि आतल्या खोलीकडे वळून त्यांनी हाक मारली, "बेटा! वही घेऊन ये!"

आतून बांगड्यांचा आवाज आला. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत येणारा!

मला तो आवाज ओळखायला अर्धा क्षण लागला आणि दुपट्टा गुंडाळायला उरलेला अर्धा. दामिनी बाहेर आली तेव्हा माझे फक्त डोळे दिसत होते, आणि तेही मी मिटून घेतले होते.

"यायले काय झालं, सर?"

"लाजते. लिही. बायको चोरून कागद जमवते म्हणतो. दर हप्त्याले गायब होते म्हणतो. आता याच्याशी बोलत बी नाही म्हणतो."

दामिनी खुर्ची ओढून समोर बसली. वहीवरून मान वर न करता तिने, मी घरी कधीही न ऐकलेल्या, शांत आणि नेमक्या स्वरात विचारले, "लग्नाले किती वर्षं झाली?"

मी दोन बोटे दाखवली.

"तारीख?"

मी हवेत आकडा काढला. एकोणीस.

"पत्नीचं शिक्षण?"

हे बोटांनी सांगण्याजोगे नव्हते. घसा घोगरा करून मी म्हणालो, "बी.एस्सी."

"पुढं काही शिकून राहिल्या का?"

मी ठामपणे मान हलवली. नाही!

तिने लिहिले. मग तिचा स्वर हळुवार झाला. "दादा, एक विचारू? तुमच्या पत्नीनं तुमाले कधी बसून काही सांगाचा प्रयत्न केला होता का? आठवून पाहा."

प्रश्न सोपा होता. आवाज ओळखीचा होता. दुपारचे ऊन तिच्या वहीच्या कडेवर येऊन थांबले होते. आणि माझ्या तोंडून, विचार करायच्याही आधी, सवयीने जे बाहेर पडते ते पडले.

"हं."

तिचे पेन थांबले. तिने ते टोपण लावून बंद केले. वही मिटली. मग कुठलीही घाई न करता तिने हात पुढे केला आणि माझा दुपट्टा खाली ओढला.

"सर," ती म्हणाली, "हे माहे मिस्टर आहेत."

सत्तार साहेबांनी चष्मा नीट बसवून माझ्याकडे पाहिले.

"अन् आपलं लग्न अठरा तारखेले झालं," ती मला म्हणाली.

"दामिनी, ती हिरवी फाइल..."

"लॉ कॉलेजची आहे! मार्कशीट माहेरच्या नावाची, म्हणून लग्नाचा दाखला अन् पत्रिका जोडा लागली. ते पानं म्हंजे माह्या नोट्स आहेत, कौटुंबिक कायद्याच्या. रोज सकाळी साडेसातले मी कुठं जातो असं वाटते तुमाले?"

"ट्यूशन घ्यायला?"

"ट्यूशन मी दसऱ्यालेच सोडली!"

"मग फोनवरचा तो नवरा, जो मुका बसतो..."

"तो वाशिमचा आहे!" सत्तार साहेब बुरुजाआडून ओरडले. "त्याची केस पाच वर्षांपासून चालू हाय!"

दामिनीचा आवाज मात्र चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते. "सर, मी यायले सगळं सांगतलं होतं. सात ऑक्टोबरले सकाळी. का मले वकील व्हायचं आहे, नंबर लागला आहे, शनिवारी अकोल्याले शिकाले जाईन, तुमाले चालते का. एक महिना मी ते बोलाची तयारी केली होती. भेव वाटत होतं का नाही म्हणतीन. अन् हे 'हं' म्हणाले. फॉर्मवर पतीची सही लागत होती, ते बी केली. मी त्या दिवशी किती खूश होती, सर! आईले फोन करून सांगतलं, का पाहाय, एका शब्दानं नाही म्हणाले नाही."

"मला ती सकाळ पूर्ण आठवते!" मी घाईने म्हणालो. "मी ऐकत होतो. तू सांबार निवडत होतीस. ऊन आधी टाकीवर होतं, मग सिलिंडरपाशी आलं, मग पेल्यांवर..."

"ऊन सोडून काय आठवते?" सत्तार साहेबांनी विचारले.

मी आठवून पाहिले. "तिचा आवाज."

"अन् त्याच्यात शब्द?"

मी दुपट्ट्याच्या टोकाची घडी घालू लागलो.

सत्तार साहेबांनी माझा भाडेकराराचा बाँड घडी करून माझ्या खिशात ठेवला. "पाहा मियाँ. तुम्ही पहिले येऊन गोष्ट सांगतली, म्हणून मी हिची केस घेऊ शकत नाही. हे माही विद्यार्थिनी, म्हणून तुमची घेऊ शकत नाही. एका दुपारी माह्या दोन केसेस गेल्या! पण कायद्याचं विचारता तं सांगतो. घटस्फोटाले कारण लागते. तुमच्यापाशी एकही नाही." ते थांबले. "हिच्यापाशी हाय. सतत दुर्लक्ष. तुम्हीच सांगतलं, दोन रेघा मारून ठेवलेलं हाय." मग ते दामिनीकडे वळले. "बेटा, तू काय म्हणते?"

मला वाटले ती हसेल. धम्मदीप असता तर तो हसला असता. मीही हसायची तयारी करून ठेवली होती.

"सोमवारी फोनवर सांगतो, सर," ती म्हणाली.

परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. तिला खिडकी मिळाली होती. बोरगाव मंजू गेले तरी ती काही बोलली नाही, आणि गप्प बसणे एवढे लांबू शकते हे मला, त्या विषयातल्या तज्ज्ञाला, पहिल्यांदाच कळत होते. माझ्या मनात संशय उरलेला नव्हता. त्याची जागा आता भीतीने घेतली होती. संशयाला निदान फाइल सापडते. भीतीला काहीच सापडत नाही.

मूर्तिजापूर सोडल्यावर तिने बाहेर पाहणे थांबवले.

"सरायले सोमवारी काय सांगाचं, ते मी ठरवलं," ती म्हणाली. "ऐका. एकदाच सांगतो."

मी पुढे सरकलो. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. ती बोलू लागली. माझे संपूर्ण आयुष्य तिच्या पुढच्या चार वाक्यांत होते, हे मला पक्के ठाऊक होते. आणि नेमकी त्याच वेळी गाडी वळली. मागे राहिलेला सूर्य तिरपा होऊन डब्यात शिरला. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटलेल्या काळ्या वावरांवरून ते तांबूस ऊन धावत आले, खिडकीच्या गजांतून आत पडले, तिच्या बांगडीवर चढले, तिथून हनुवटीवर, आणि कानाजवळच्या एका सुटलेल्या केसावर येऊन थांबले. तो केस जळतो आहे असे वाटत होते. किती वेळ, कोण जाणे.

"बोला," ती म्हणाली. "चालते का तुमाले?"

मी दचकलो. डब्यातल्या समोरच्या बाईनेही शेंगा सोलणे थांबवले होते.

"मी आता काय बोलली?" दामिनीने विचारले.

जिभेवर तो शब्द तयार होता. शाई लावलेला, गोल, सरळ पडणारा. दोन वर्षे मी तोच मारत आलो होतो, आणि एकदाही वाकडा पडला नव्हता. मी तो गिळला. घशातून खाली जाताना तो चांगलाच लागला.

"मला माहीत नाही, दामिनी," मी म्हणालो. "मी ऐकत नव्हतो. त्या सकाळीही ऐकत नव्हतो."